मडके वाजवून घ्यावे

रत्नागिरीच्या बाजारात दिवाळीच्या आधी पणत्या आणि मडकी मांडून एक म्हातारी कुंभारीण बसते. तिच्याकडे मडके मागितले की ती आधी किंमत सांगत नाही. मडके उचलून आपल्या हातात देते आणि म्हणते, "वाजवून घ्या, मास्तर. मागाहून तक्रार चालायची नाही." मग आपण बोटाने टिचकी मारायची. खणखणीत नाद निघाला तर मडके पक्के; बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र कळतो. आमच्या कोकणात फणसही असाच वाजवून पाहतात. आत काय आहे हे फोडल्यावाचून कळायचे असेल तर बाहेरून टिचकी मारावी आणि कान देऊन ऐकावे, ही विद्या आमच्या आजीपणजीला ठाऊक होती.

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडून बसलेल्या तुम्हांला मडक्यांचे गुणगान ऐकवावे, असा माझा हेतू नाही. मी आज भांडायला बसलो आहे. भांडण कोणा एका शाळेशी नाही, कोणा एका परीक्षकाशी नाही. ते तुमच्या-माझ्या घरातल्या एका सवयीशी आहे. ती सवय अशी, की मडके वाजवायचे, पण नाद मात्र आधी ठरवून ठेवलेला ऐकायचा.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोट मास्तरकीवर भरते आणि हौस कादंबऱ्यांवर भागते. पण गेल्या डिसेंबरात घरात एक प्रसंग घडला, आणि तो काही केल्या मनातून जाईना. माझी भाची बारावीला शास्त्रशाखेत होती. तिचे प्रॅक्टिकलचे जर्नल घेऊन ती ओटीवरच्या झोपाळ्यावर बसली होती आणि खोडरबराने काहीतरी पुसत होती. प्रयोग होता अनुनाद नळीचा. पाण्यात उभी धरलेली नळी, तिच्या तोंडाशी ५१२ कंपनांचा नादकाटा. नळी हळूहळू वर घेत जावे. एका उंचीला आतली हवा एकदम घुमू लागते. आणखी वर घेतली की पुन्हा एकदा घुमते. या दोन उंचींमधले अंतर मोजले की हवेतल्या ध्वनीचा वेग काढता येतो. भाचीला ते अंतर आले होते ३४.३ सेंटिमीटर, आणि वेग आला होता सेकंदाला ३५१ मीटर. पुस्तकात लिहिले होते ३४३. म्हणून तिने ३४.३ पुसून तिथे ३३.५ लिहिले. गणित बरोबर जुळले.

मी म्हटले, "अगं, पण तुला आलं होतं ते का पुसलंस?"

ती म्हणाली, "मामा, तीनशे त्रेचाळीसच यायला हवं. नाहीतर मार्क जातात. सगळेच करतात. आणि माझंच काहीतरी चुकलं असणार."

याला मुले 'रीडिंग शिजवणे' म्हणतात. शब्द अचूक आहे.

मी एका प्राध्यापक स्नेह्यांना गाठले आणि विचारले, की मुलीचे चुकले कुठे? त्यांनी हसून सांगितले, "चुकलं कुठे? पुस्तकातला आकडा वीस अंश तापमानाचा आहे. दुपारी प्रयोगशाळेत तीस अंश तरी असतील. दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्यात तुमची दमट हवा; तिने आणखी थोडा वाढतो. साडेतीनशेच्या आसपासच यायला हवा." म्हणजे पोरीचा कान खरा होता. पुस्तकही खोटे नव्हते. ते फक्त रत्नागिरीबद्दल बोलत नव्हते. तिने जर्नलातून जे आठ मिलिमीटर पुसले, ती आमच्या गावची उष्णता होती. आणि ती पुसल्याबद्दल तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले!

त्या दिवसापासून 'अनुनाद' या शब्दाच्या मागे मी लागलो. मिळेल ते वाचले, भेटेल त्याला विचारले. आणि असे कळले, की जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत माणसे जे करीत आहेत ते जातकुळीने माझ्या भाचीचेच काम आहे. फरक इतकाच, की त्यांची नळी म्हणजे अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन, आणि त्यांचा नादकाटा म्हणजे प्रकाश.

प्रकाश कणाकणाने येतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ज्या प्रकाशाची कंपने जलद, त्याच्या कणात ऊर्जा अधिक. तेव्हा प्रकाशकणांची ऊर्जा बदलत जाणे म्हणजे नादकाट्याची पट्टी चढवत जाणे. पणतीच्या उजेडाच्या कणात दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. तेवढ्याने प्रोटॉनला काहीच होत नाही. हत्तीच्या पाठीवर मुंगी बसावी तसे. पट्टी चढवत चढवत सुमारे ३४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेली, की प्रोटॉन एकाएकी दाद देतो. प्रकाश गिळतो, फुगतो, घुमतो आणि लगेच एक हलका कण बाहेर टाकून शांत होतो. पट्टी आणखी चढवली की ही दाद पुन्हा मंदावते. किती वेळा दाद मिळाली याचा आलेख काढला तर कागदावर टेकडी उभी राहते. त्या टेकडीलाच शास्त्रज्ञ अनुनाद म्हणतात. या पहिल्या टेकडीचे नाव डेल्टा. तिचा चढ प्रथम दिसला तो १९५१-५२ च्या सुमारास, शिकागोत एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यांनी प्रकाशाऐवजी पायॉन नावाच्या कणांचा झोत वापरला होता. या डेल्टाचे आयुष्य किती? एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्ये इतके तुकडे केले, तर त्यांतले पाच-सहा तुकडे. इतक्यात जन्म, जीवन आणि मरण!

आता कोणी विचारील, पायॉन होते तर प्रकाश कशाला? तर पायॉन आणि प्रोटॉन एकाच भाऊबंदकीतले. ते भेटले की एकमेकांत इतके गुंततात, की कोणता आवाज कोणाचा हे सोडवून काढणे कठीण जाते. प्रकाशाचे तसे नाही. त्याला ठाऊक फक्त विद्युतभार आणि चुंबकत्व. आणि ते नियम माणसाने दशांशचिन्हानंतर कितीतरी घरे जाईपर्यंत ताडून पाहिले आहेत. टिचकी ओळखीची असली, म्हणजे ऐकू येणारा नाद मडक्याचाच असतो.

ही टिचकी तयार करण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज येथे जेफर्सन प्रयोगशाळा आहे. तिथल्या एका दालनात वेगवान इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या केसाइतक्या पातळ चकतीतून सोडतात. इलेक्ट्रॉन तिथे किंचित वळतो आणि वळताना प्रकाशकण टाकतो. त्या प्रकाशकणाची ऊर्जा कशी कळावी? तर वाण्याच्या हिशेबाने. मुलाला शंभर रुपये देऊन दुकानात पाठवले आणि तो साठ घेऊन परत आला, तर दुकानात चाळीस गेले. इलेक्ट्रॉन किती ऊर्जा घेऊन आत गेला हे ठाऊक असते, किती घेऊन बाहेर पडला हे मोजतात. उरलेली ऊर्जा प्रकाशकणाची. जपानात ह्योगो प्रांतातल्या स्प्रिंग-८ या यंत्रावर दुसरीच युक्ती केली. ८०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांवर समोरून लेसरचा प्रकाश सोडला. तो आपटून मागे फिरला तेव्हा त्याच्या कणांची ऊर्जा साठ कोटी पटींहून अधिक वाढलेली होती. भिंतीवर मारलेला चेंडू परत येताना तोफगोळा होऊन यावा, तसेच हे झाले.

आपल्याकडे काय आहे, असे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन यंत्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था मिळून ते चालवतात. तिथे हीच वाट उलट दिशेने चालतात. अणुगर्भ एकमेकांवर आपटून तापवायचे आणि त्यांतून बाहेर पडणारा गॅमा प्रकाश मोजायचा. त्या प्रकाशावरून अणुगर्भातले सारे प्रोटॉन एका बाजूला आणि सारे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असे कसे हेलकावतात, ते कळते. या हेलकाव्याला महाअनुनाद म्हणावे. आणि होळकरांच्या इंदुरात, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ हे यंत्र १९९९ मध्ये आणि इंडस-२ हे २००५ मध्ये प्रकाश देऊ लागले. त्यांचा प्रकाश प्रोटॉनला घुमवण्याइतका चढ्या पट्टीचा नाही. तो स्फटिक, धातू आणि औषधी द्रव्ये यांची अंतर्रचना पाहण्यासाठी आहे. तरी प्रकाशाने वस्तूला विचारावे आणि वस्तूने उत्तर द्यावे, ही रीत तीच.

मग या टिचक्यांतून मिळाले काय? डेल्टाला चार भावंडे आहेत म्हणा. त्यांतल्या एकावर प्रोटॉनच्या दुप्पट विद्युतभार आहे. हिशेब केला तर त्याच्या पोटात अगदी एकसारखे, एकाच दिशेने फिरणारे तीन क्वार्क बसले पाहिजेत. पण असे बसायला निसर्गाच्या एका पक्क्या नियमाची बंदी आहे. दोन सख्खे जुळे एका पाटावर बसू शकत नाहीत, असा तो नियम. हे कोडे सोडवण्यासाठी १९६४ मध्ये ग्रीनबर्ग यांनी सुचवले, की क्वार्कांना आणखी एक गुण असावा. त्यालाच पुढे 'रंग' हे नाव पडले, डोळ्यांच्या रंगाशी त्याचा संबंध नसताना! अणुगर्भाला बांधून ठेवणाऱ्या बलाचा आजचा सिद्धान्त या रंगावर उभा आहे. आणि तो सांगतो, की प्रोटॉनच्या वजनात क्वार्कांचे स्वतःचे वजन शेकडा एकच्या आसपास. बाकीचे सारे त्यांच्या धावपळीचे आणि बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचे. ताटातल्या लाडवाचे वजन कशाचे, तर बहुतेक सगळे या आतल्या धडपडीचे! हे ज्याला ऐकावेसे वाटत नाही त्याने खुशाल दुसऱ्या पानावरची विनोदी कथा वाचावी.

पण माझा मुद्दा पुढेच आहे. १९९७ मध्ये तिघा सिद्धान्त्यांनी भाकीत केले, की पाच घटकांचा एक नवा कण असावा, आणि त्याचे वजन ऊर्जेच्या मापात सुमारे १५३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरावे. २००३ मध्ये जपानच्या त्या लेसरच्या प्रकाशातच, १५४ कोटींवर, एक छोटी टेकडी दिसली. अपेक्षेपेक्षा १९-एक नोंदी जास्त, एवढाच तिचा जीव. नाव पडले थीटा-प्लस. मग काय विचारता! जिथे तिथे जुन्या-नव्या नोंदी चाळल्या गेल्या आणि आणखी दहाएक गटांना तो कण 'दिसला'. जेफर्सन प्रयोगशाळेतल्या एका गटालाही त्याच साली दिसला. ठरलेल्या पट्टीत ठरलेला नाद सगळ्यांच्या कानी पडू लागला.

इथे नीट लक्ष द्या. यात कोणी आकडे शिजवले नव्हते. थोड्या नोंदी, मोठी आशा आणि माणसाचा कान, एवढ्यानेच हे झाले. पुढे जेफर्सनच्या त्या गटाने काय केले? आपले नाव झाले आहे, तेव्हा गप्प बसावे, असे म्हटले नाही. त्यांनी तोच प्रयोग मुद्दाम पुन्हा मांडला, पहिल्याहून कितीतरी पट अधिक नोंदी घेतल्या आणि २००५-०६ मध्ये जगाला सांगितले, की टेकडी नाही. आम्हांला दिसली होती तीसुद्धा नाही. कणांच्या जागतिक नोंदवहीतून थीटा-प्लस उतरला. पाच घटकांचा वेगळ्याच जातीचा कण जिनिव्हाजवळच्या मोठ्या यंत्रावर २०१५ मध्ये सापडला, पण तो थीटा-प्लस नव्हे.

आता ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवा. तिकडे जगात नाव झालेली माणसे स्वतःचे मडके पुन्हा वाजवतात आणि तडा सापडला तर चारचौघांत सांगतात. इकडे सतरा वर्षांची पोर खरा नाद ऐकते आणि पुस्तकाच्या भीतीने तो पुसते. खोटे बोलायला तिला कोणी शिकवले? आम्ही. मास्तर म्हणून मी, पालक म्हणून तुम्ही, आणि उत्तर आधी व निरीक्षण मागाहून असा उलटा पाढा पढवणारी आमची परीक्षा.

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे.

पहिले गृहस्थ म्हणतात, "प्रोटॉन घुमला काय नि न घुमला काय, त्याचा उपयोग काय?" त्यांना एवढेच विचारतो, की इलेक्ट्रॉन वळला की प्रकाश टाकतो, हे ज्यांनी शोधले त्यांनी इस्पितळासाठी शोधले नव्हते. आज कर्करोगाच्या रोग्याला ज्या यंत्राखाली झोपवतात, त्यात वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आपटूनच किरण निघतात. पण या उत्तरावर मला भिस्त ठेवायची नाही. आपण कशाचे बनलो आहोत हे कळणे, हाच उपयोग आहे. त्याला नोकरीच्या तराजूत घालणे म्हणजे आईच्या ओवीला मजुरी विचारणे.

दुसरे गृहस्थ म्हणतात, "हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच आहे." असेल, तर बरेच झाले! मग तो आकडा काढा आणि वाजवून दाखवा. जो दावा टिचकीला घाबरतो, त्याने पूर्वजांचा मान वाढत नाही.

तिसरे गृहस्थ सर्वांत हुशार. ते म्हणतात, "पाहा, तुमचे शास्त्र काल एक सांगते, आज दुसरे. थीटा-प्लस आला नि गेला. मग विश्वास कशावर ठेवायचा?" अहो महाराज, त्याच्यावरच! जो कुंभार तडकलेले मडके स्वतःहून बाजूला काढतो, त्याच्याकडचेच दुसरे मडके निर्धास्तपणे घ्यावे. ज्याचे एकही मडके कधी फुटलेले नाही असे तो सांगतो, त्याच्या दुकानाकडे फिरकू नये.

चौथे बोलणारे माझेच शिक्षकबंधू आहेत, आणि त्यांचे दुःख खरे आहे. वर्गात साठ मुले, नळी एक, नादकाटा एक, वेळ अर्धा तास. प्रत्येकाला कान देऊन ऐकायला सांगायचे कसे? मान्य. पण मग प्रयोग झाला नाही असे लिहा. झाला आणि पुस्तकाबरहुकूम झाला असे लिहू नका. साधनांची गरिबी भरून निघते. इंदूरचे यंत्र आपल्याच देशातल्या माणसांनी उभे केले, ते काही आभाळातून पडले नाही. खोटे लिहिण्याची सवय मात्र भरून निघत नाही.

हे केवळ शाळेचे प्रकरण आहे, असे समजू नका. आमच्या जिल्ह्यात अणू हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे जैतापूर-माडबन उभे राहते आणि माणसे लगेच दोन बाजूंना बसतात. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की कोणीही कोणताही आकडा पुढे केला की ऐकणारा आधी विचारतो, "कोणाचा आकडा?" खरा की खोटा, हा प्रश्न मागाहूनही येत नाही. का यावा? आकडा कसा बनतो हे प्रत्येकाने सतराव्या वर्षी जर्नलात अनुभवलेले असते. ज्याने स्वतः शिजवला त्याला दुसऱ्याचा कच्चा कसा वाटावा? आम्ही मुलांचे आठ मिलिमीटर पुसतो, आणि पुढे साऱ्या समाजाचा आकड्यांवरचा भरवसा पुसला जातो.

ज्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिकातून मराठी माणसाला शास्त्राची ओळख करून दिली, ते आमच्याच भागातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हा ते गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते, आज सिंधुदुर्गात आहे. दर्पण म्हणजे आरसा. आरशात दिसते ते खोडरबराने पुसायचे नसते.

माझे मागणे फार नाही. परीक्षकांनी जर्नलात तापमानाचा एक रकाना सक्तीचा करावा आणि कच्च्या नोंदींना गुण द्यावेत. पुस्तकाशी न जुळणारा आकडा आला आणि मुलाने त्याचे कारण शोधायचा प्रयत्न केला, तर अधिक द्यावेत. शिक्षकांनी वर्षातून एक तरी प्रयोग असा करावा, ज्याचे उत्तर फळ्यावर आधी लिहिलेले नाही. आणि आईबापांनो, या सुट्टीत पोरांना किती गुण मिळाले हे शेजाऱ्यांना सांगून झाले, की त्यांना जवळ बसवून एकच विचारा: "तुला खरोखर काय आलं होतं?" उत्तर ऐकून रागावू नका.

भाचीला मी ध्वनीच्या वेगाचा तो सारा हिशेब समजावून दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जर्नलाचे शेवटचे कोरे पान काढून तिने त्यावर पेन्सिलीने लिहिले: ३४.३. आणि म्हणाली, "मामा, पुन्हा करून बघायला हवं. एकदाच केलं होतं."

कुंभारणीची शिकवण इतकीच आहे. एकदा वाजवून भागत नाही. मडके फिरवावे आणि दुसऱ्या बाजूनेही वाजवून घ्यावे.